गायगर काउंटर: घरी काय तपासावं, प्रयोगशाळेवर काय सोडावं

प्रश्न असा आहे. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षकांनी किट आणून गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारा मीटर, जोडला आहे. आत एसबीएम-२० ही सोव्हिएत बनावटीची ट्यूब आहे. पडद्यावर ०.११ ते ०.१५ मायक्रोसिव्हर्ट प्रति तास असे आकडे दिसतात (सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक). मीटर बरोबर दाखवतो आहे हे कसं तपासायचं? कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे मीटरचे आकडे खऱ्या मापाशी जुळवून बघण्यासाठी, ऑनलाइन एखादा छोटा सोर्स (किरणोत्सारी पदार्थाचा नमुना) मागवावा, की धूर ओळखणाऱ्या जुन्या यंत्रातलं किरणोत्सारी अमेरिशियम काढून वापरावं?

शेवटच्या दोन्ही गोष्टींना माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. कारणं पुढे देतो. त्याआधी हे सांगायला हवं की तुम्हाला त्यांची गरजच नाही. मीटर जिवंत आहे का, स्थिर आहे का, उद्याही आजच्यासारखाच वागेल का, हे सगळं घरबसल्या, कुठलाही धोका न पत्करता तपासता येतं. तो दाखवतो ते मायक्रोसिव्हर्ट खरे आहेत का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर घरी मिळत नाही. किरणोत्सर्ग सुरक्षेच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ही दोन कामं एक समजल्यामुळे.

तुमची ट्यूब फक्त मोजते. एखादा कण किंवा गॅमा किरण आत शिरून वायूचं आयनीभवन करतो, म्हणजे अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे करतो, विजेचा एक स्पंद उमटतो, यंत्र एकाने पुढे जातं. किरणाची ऊर्जा किती होती, तो बीटा होता की गॅमा, शरीरात त्याने किती ऊर्जा सोडली असती, यातलं काहीच त्या स्पंदात नसतं. मिनिटाला किती काउंट आले हे तुमचं खरं मोजमाप. मायक्रोसिव्हर्टचा आकडा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एका स्थिरांकाने गुणून किंवा भागून काढलेला असतो.

तो स्थिरांक येतो कुठून? एसबीएम-२० च्या माहितीपत्रकात संवेदनशीलतेचे दोन आकडे आहेत. ताशी एक मिलिरॉन्टजेनच्या (रॉन्टजेन हे किरणोत्सर्गाचं जुनं एकक) क्षेत्रात रेडियम-२२६ साठी सेकंदाला २९ काउंट आणि कोबाल्ट-६० साठी २२. एक मिलिरॉन्टजेन म्हणजे ढोबळमानाने १० मायक्रोसिव्हर्ट धरले, तर पहिल्या आकड्यातून ताशी एका मायक्रोसिव्हर्टला मिनिटाला १७४ काउंट येतात, दुसऱ्यातून १३२. बहुतेक किटच्या प्रोग्रॅममध्ये १७५ च्या आसपासचा आकडा भरलेला असतो. ट्यूब तीच, माहितीपत्रक तेच, पण कुठला सोर्स गृहीत धरला त्यावर उत्तर जवळजवळ एक तृतीयांशाने बदलतं. शिवाय बाहेरचा किरणोत्सर्ग शून्य असता तरी ट्यूबने स्वतःहून दिलेले काही काउंट असतातच. माहितीपत्रक त्यासाठी सेकंदाला एक काउंटपर्यंतची मुभा देतं. तुमचे सगळे मिळून मिनिटाला वीस-पंचवीस येत असतील, तर त्यातले खोलीचे किती आणि ट्यूबचे स्वतःचे किती हे पडद्यावरून कळणार नाही. म्हणून ०.१२ वाचून ‘आमच्या गावातला किरणोत्सर्ग इतका’ असं विद्यार्थ्यांना सांगू नका. ‘या जागी या ट्यूबला मिनिटाला इतके काउंट येतात’ असं सांगा. हे विधान पूर्ण खरं आहे आणि त्यावर पुढचं सगळं उभं करता येतं.

आता कामाला लागू. सुरुवात बॅकग्राउंडपासून, म्हणजे जवळ कुठलाही सोर्स नसताना येणाऱ्या काउंटपासून, करा आणि त्यात घाई करू नका. मीटर एका जागी ठेवा, जागा वहीत लिहा, आणि निदान तासभर काउंट गोळा करा. किरणोत्सारी ऱ्हास यादृच्छिक असतो, त्यामुळे १०० काउंट मोजले तर त्यात वर्गमुळाइतकी, १० ची अनिश्चितता असते, म्हणजे १० टक्के. हजार मोजले तर ३ टक्क्यांच्या आसपास, आणि १ टक्क्यावर यायचं असेल तर दहा हजार हवेत. पडद्यावरचा आकडा ०.११ वरून ०.१५ वर जातो तेव्हा खोलीत काही घडलेलं नसतं. एका मिनिटाच्या वीस काउंटमध्ये चार-पाचांचा चढउतार असायचाच, आणि तो नसेल तर उलट शंका घ्यावी.

ही शंका मोजूनही बघता येते. एकाच जागी, एकसारख्या वेळेची २० रीडिंग घ्या. प्रत्येक रीडिंगमधून सरासरी वजा करून वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा आणि तिला सरासरीने भागा. येणारी संख्या साधारण १० ते ३० च्या दरम्यान असावी. तीसच्या बरीच वर गेली तर कुठून तरी खोटे स्पंद घुसत आहेत: ढिला सांधा, मोबाइल, दमट बोर्ड. दहाच्या खूप खाली आली तर प्रोग्रॅम आकडे गुळगुळीत करून दाखवतो आहे किंवा विजेच्या ठरावीक स्पंदांनाच काउंट समजतो आहे. प्रयोगशाळेतही आम्ही हीच कसोटी लावतो. अकरावी-बारावीच्या मुलांकडून ती करून घेण्यासारखी आहे, कारण सांख्यिकीचं पुस्तकातलं सूत्र इथे एका खऱ्या यंत्राचा दोष दाखवतं.

बॅकग्राउंड जागेप्रमाणे बदलतं, हेही लक्षात असू द्या. आपल्याकडचा काळा बेसाल्ट खडक युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या बाबतीत गरीब आहे. कर्नाटक-तेलंगणातला ग्रॅनाइट तसा नाही, आणि केरळच्या किनाऱ्यावरची मोनाझाइटची वाळू तर थोरियमसाठीच प्रसिद्ध आहे. पुण्यातल्या मीटरने हैदराबादला जास्त काउंट दाखवले तर तो बिघडलेला नाही. घरातही ग्रॅनाइटचा ओटा आणि मधली खोली यांत फरक पडू शकतो, म्हणून जागा ठरलेलीच ठेवा.

यानंतरचा सोर्स खताच्या दुकानात मिळतो. एमओपी मागा, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, शेतकऱ्यांच्या बोलीत नुसतं पोटॅश. गोणीवर पालाश ६० टक्के असं लिहिलेलं असतं. हा आकडा ऑक्साइडच्या हिशोबातला आहे, त्यामुळे शुद्ध पोटॅशियम खताच्या वजनाच्या साधारण निम्मं. नैसर्गिक पोटॅशियमच्या प्रत्येक ग्रॅममध्ये पोटॅशियम-४० मुळे सेकंदाला सुमारे ३१ ऱ्हास होतात. म्हणजे किलोभर खतात सुमारे पंधरा हजार बेकरेल (सेकंदाला एक ऱ्हास म्हणजे एक बेकरेल). आकडा मोठा वाटला तरी घाबरू नका, प्रौढ माणसाच्या स्वतःच्या शरीरात याच पोटॅशियममुळे चार हजारांच्या आसपास बेकरेल असतात. या सोर्सला परवाना लागत नाही, तो हरवला तर कुणाला इजा होत नाही, आणि त्याचं अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षं असल्यामुळे तुमच्या निवृत्तीपर्यंत तो तसूभरही कमी होणार नाही. स्थिरता तपासायला याहून चांगली वस्तू मला ठाऊक नाही.

खत एका पातळ पण मजबूत प्लास्टिक पिशवीत हवाबंद करा, कारण ते ओलावा ओढतं आणि पाणी सुटलं तर बोर्ड खराब होतो. ट्यूब पिशवीवर प्रत्येक वेळी अगदी त्याच जागी बसेल असा पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा साचा करा. या साच्याचा कंटाळा करू नका. ट्यूब सेंटिमीटरभर वर-खाली झाली तरी काउंट बदलतात, आणि मग दोष मीटरचा की मांडणीचा हे कळत नाही. काम झाल्यावर हात धुवा, तेही ते रसायन आहे म्हणून.

किती वेळ मोजायचं ते एका उदाहरणाने सांगतो. समजा बॅकग्राउंड मिनिटाला २० आणि पोटॅशवर ३०. एकेक मिनिट मोजलंत तर फरक १० आणि त्यातली अनिश्चितता (दोन्हींच्या बेरजेचं वर्गमूळ) ७, म्हणजे हाती काहीच लागलं नाही. तेच अर्धा-अर्धा तास मोजलंत तर ६०० आणि ९००, फरक ३००, अनिश्चितता ३९. आता फरक निर्विवाद आहे. केळं मीटरपुढे धरून ‘काहीच दाखवत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. केळ्यात अर्ध्या ग्रॅमहून कमी पोटॅशियम असतं. अशा ट्यूबला ते दिसणारच नाही, त्यात मीटरचा दोष नाही.

याच पिशवीवर आणखी एक प्रयोग करा. ट्यूब आणि पिशवी यांच्यामध्ये ३ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा सरकवा. काउंट जवळजवळ बॅकग्राउंडवर येतील. पोटॅशियम-४० च्या दर दहा ऱ्हासांत नऊ बीटाचे असतात, आणि त्या बीटांची जास्तीत जास्त ऊर्जा १.३ एमईव्ही (एमईव्ही हे कणांची आणि किरणांची ऊर्जा मोजण्याचं एकक) असल्यामुळे दोन-सव्वादोन मिलिमीटर ॲल्युमिनियम त्यांना पुरेसं होतं. मागे उरतात ते थोडे गॅमा. म्हणजे पोटॅशजवळ मीटर जे वाढीव मायक्रोसिव्हर्ट दाखवतो, ते बीटाचे काउंट गॅमाच्या स्थिरांकाने मोजून आलेले असतात. तो आकडा निरर्थक आहे. आणि पाच किलोची गोणी आणली तरी काउंट पाचपट होत नाहीत, कारण वरच्या अर्ध्या सेंटिमीटरखालचे बीटा खतातच अडकतात. या एका मांडणीत मुलांना बीटा, गॅमा, शोषण आणि स्वशोषण इतकं सगळं दिसतं.

वळवाच्या पावसातही एक सोर्स फुकट मिळतो. हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूची अपत्यं, म्हणजे त्याच्या ऱ्हासातून तयार झालेली मूलद्रव्यं, थेंबांबरोबर खाली येतात. पाऊस आणि विजा थांबल्याबरोबर गाडीच्या बॉनेटवरून टिश्यू पेपर फिरवा, घडी घालून लगेच ट्यूबला लावा आणि दर पाच मिनिटांचे काउंट लिहीत जा. वाढलेले काउंट साधारण अर्ध्या तासात निम्म्यावर येतात, कारण त्यातल्या शिसं-२१४ चं अर्धायुष्य २७ मिनिटांचं आहे आणि बिस्मथ-२१४ चं २० मिनिटांचं. संध्याकाळपर्यंत सोर्स संपलेला असतो. मात्र जुलैतल्या झडीत हे चांगलं जमेल अशी अपेक्षा ठेवू नका. समुद्रावरून येणाऱ्या हवेत रेडॉन फार कमी असतो.

आता काय वापरू नये ते सांगतो. धूर ओळखणाऱ्या आयनीभवन प्रकारच्या यंत्रात अमेरिशियम-२४१ असतं, ४३२ वर्षं अर्धायुष्याचं. त्याचे अल्फा तुमच्या ट्यूबच्या पोलादी भिंतीतून आत येणारच नाहीत. जे ६० केईव्हीच्या (केईव्ही म्हणजे एमईव्हीचा हजारावा भाग) आसपासचे गॅमा येतील, त्या ऊर्जेला अशी फिल्टर न लावलेली ट्यूब, प्रयोगशाळा कॅलिब्रेशनला वापरतात त्या सीझियमच्या तुलनेत कित्येक पट जास्त प्रतिसाद देते, म्हणजे कॅलिब्रेशन सुधारण्याऐवजी बिघडेल. आणि चकती काढताना तिचा पातळ मुलामा ओरखडला, कण बोटाला लागून पोटात किंवा श्वासातून फुप्फुसात गेले, तर ते आयुष्यभर शरीरात राहू शकतात. यंत्र जुनं झालं असेल तर न उघडता पुरवठादाराकडे परत द्या. जुन्या बाजारातली रेडियमच्या काट्यांची घड्याळं काच न उघडता कपाटात असू द्यावीत, त्या रंगाची भुकटी होते. गॅसबत्तीच्या जुन्या मेंटलमध्ये थोरियम असतं. न जाळलेलं मेंटल बंद पिशवीत ठेवून दुरून दाखवायला हरकत नाही, पण जाळल्यावर त्याची राख होते आणि ती श्वासात जाते. आरगॉन वेल्डिंगच्या लाल टोकाच्या टंगस्टन सळईचंही तसंच: सळईला हात लावायला भीती नाही, तिला ग्राइंडरवर धार लावताना उडणारी धूळ वाईट.

ऑनलाइन सोर्सबद्दल. भारतात किरणोत्सारी सोर्सवर अणुऊर्जा नियामक मंडळाचं, म्हणजे एईआरबीचं, नियंत्रण आहे. परदेशात सूट असलेली चकती तुमच्या दारात येईल तेव्हा कायद्याने तुम्ही कुठे उभे राहाल याचा विचार विक्रेता करत नाही. त्याहून मोठी काळजी पुढची आहे. तुम्ही बदली होऊन जाल, चकती प्रयोगशाळेच्या कपाटात राहील, लेबल गळून पडेल, आणि एक दिवस कपाट भंगारात जाईल. दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली असंच झालं. वर्षानुवर्षं न वापरलेलं कोबाल्ट-६० चं उपकरण भंगारात विकलं गेलं, तिथे ते फोडलं गेलं, एक कामगार दगावला आणि अनेकांना गंभीर इजा झाल्या. तो सोर्स तुमच्या चकतीपेक्षा अफाट मोठा होता हे खरं, पण विसरण्याची वाट तीच.

विजेच्या बाजूनेही तपासणी हवी. एसबीएम-२० साठी ४०० व्होल्ट योग्य, आणि ३५० ते ४७५ ही तिची कामाची मर्यादा. हे व्होल्ट साध्या मल्टिमीटरने मोजू नका. त्याचा अंतर्गत रोध १० मेगाओहम असतो आणि किटमधला नाजूक पुरवठा तेवढ्या भारानेच खाली बसतो. मल्टिमीटरवर ३०० दिसले म्हणून स्क्रू फिरवून ४०० केले, तर मल्टिमीटर काढल्यावर ट्यूबवर किती तरी जास्त व्होल्ट येतात. त्यासाठी गिगाओहमचा, म्हणजे हजार मेगाओहम रोधाचा, प्रोब हवा. पोटॅश समोर ठेवून व्होल्टेज २५-२५ ने वाढवत काउंट घेतले, तर आलेखात सपाट पठार दिसलं पाहिजे, १०० व्होल्टमागे १० टक्क्यांपेक्षा जास्त चढ नसलेलं. पठारच नसेल तर ट्यूब म्हातारी झाली. बोर्ड उघडा असेल तर चालू असताना हात घालू नका, कपॅसिटरचा झटका बंद केल्यानंतरही बसतो.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात वाढणाऱ्या काउंटवर विश्वास ठेवण्याआधी बोर्ड बघा. दमट हवेत उच्च दाबाच्या भागातून गळती होते आणि खोटे काउंट येतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळवा, डब्यात सिलिका जेल ठेवा. काचेची ट्यूब असेल, उदाहरणार्थ चिनी जे-३०५, तर तिला उन्हापासूनही झाका, कडक प्रकाशात अशा ट्यूब स्वतःहून काउंट देतात.

वरच्या टोकाला मात्र घरी काही तपासता येत नाही, आणि ते ठाऊक असणं फार गरजेचं आहे. प्रत्येक स्पंदानंतर ही ट्यूब सुमारे १९० मायक्रोसेकंद आंधळी असते. सेकंदाला १,००० काउंट दिसले तर खरे १,२३० च्या आसपास असतात. क्षेत्र आणखी तीव्र झालं की काही मीटर उलट कमी दाखवू लागतात, आणि शेवटी शून्यसुद्धा. चेर्नोबिलला १९८६ साली सुरुवातीला हाताशी होते त्या मीटरची मर्यादा सेकंदाला १,००० मायक्रोरॉन्टजेन होती. तेवढाच आकडा, म्हणजे ताशी ३.६ रॉन्टजेन, वर कळवला गेला. प्रत्यक्षात यंत्र आपल्या टोकाला जाऊन थांबलं होतं.

शून्य दाखवणाऱ्या मीटरइतकं धोकादायक यंत्र नाही, हे मी प्रशिक्षणात प्रत्येक तुकडीला सांगत आलो. औद्योगिक रेडिओग्राफीत गॅमा किरणांनी वेल्डिंगच्या जोडांचे फोटो घेतल्यावर इरिडियम-१९२ चा सोर्स कॅमेऱ्यात, म्हणजे त्याच्या संरक्षक पेटीत, परत आला की नाही हे मीटरच सांगतो. बॅटरी उतरलेला मीटर शून्य दाखवतो आणि माणूस उघड्या सोर्सकडे चालत जातो. म्हणून तिथे प्रत्येक पाळीच्या आधी बॅटरी, बॅकग्राउंड आणि तपासणी सोर्स, या क्रमाने मीटर पाहायचा असतो. तुमच्या पोटॅशच्या पिशवीचं काम नेमकं हेच आहे.

उरलं कॅलिब्रेशन. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत मोठ्या खोलीत रुळांवर ट्रॉली असते, भिंती दूर असतात म्हणजे परतून येणारे किरण कमी. शिशाच्या पात्रातून सीझियम-१३७ चा, ६६२ केईव्हीचा झोत सोडतात, दार उघडलं तर सोर्स आपोआप आत जातो, आणि मीटरचं रीडिंग बाहेरून कॅमेऱ्यावर वाचतात. प्रत्येक अंतरावरचं खरं क्षेत्र प्रमाणित आयनीभवन कक्षाने आधी मोजलेलं असतं, आणि त्या कक्षाची साखळी ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या राष्ट्रीय मानकापर्यंत जाते. खरं क्षेत्र ५० आणि तुमचा मीटर ४० दाखवत असेल तर गुणक १.२५. सर्व्हे मीटरला, म्हणजे जागेवरचा किरणोत्सर्ग तपासायच्या हातातल्या मीटरला, २० टक्क्यांच्या आतली चूक साधारणपणे चालवून घेतली जाते. प्रमाणपत्र हाती आलं की सोर्स कोणता, किती बिंदूंवर तपासलं आणि अनिश्चितता किती हे आधी वाचा. सीझियमवर काढलेला गुणक एक्स-रेच्या कमी ऊर्जेला लागू पडत नाही.

किटवर हा खर्च करावा असं मला वाटत नाही. ज्या मीटरवर कुणाची सुरक्षा अवलंबून आहे त्यावर केलाच पाहिजे, पण असं काम किटकडून करून घ्यायचंच नसतं. तुमच्यासाठी चांगला मार्ग म्हणजे ज्या महाविद्यालयात किंवा संस्थेत रीतसर सोर्स आणि कॅलिब्रेट केलेला मीटर आहे, तिथे जाऊन दोन्ही मीटर शेजारी ठेवून तुलना करणं. सोर्स त्यांचाच जबाबदार माणूस हाताळेल. तुम्ही १०, २० आणि ४० सेंटिमीटरवर काउंट घ्या, अंतर ट्यूबच्या मध्यापासून मोजा, बॅकग्राउंड वजा करा. अंतर दुप्पट केलं की काउंट पाव होतात का ते बघा. अगदी जवळ हा नियम थोडा ढळतो, कारण ट्यूब लांब आहे आणि बिंदू नाही. तुलनेतून जो गुणक मिळेल तो त्या सोर्सच्या नावासह आणि तारखेसह मीटरच्या पाठीवर चिकटवा, आणि परत आल्याबरोबर त्याच दिवशी पोटॅशवरचे अर्ध्या तासाचे काउंट वहीत नोंदवा. पुढे महिन्यातून एकदा तीच नोंद करा. आकडा अनिश्चिततेच्या तिपटीहून जास्त सरकला, तर आधी साचा, मग ओलावा, मग व्होल्टेज बघा. ट्यूब बदलावी लागली तर जुना गुणक खोडून टाका.

आणि मीटर घेऊन फिरताना कधी भंगाराच्या ढिगाजवळ काउंट एकदम दहा-वीसपट झाले, किंवा तीन पाती असलेलं चिन्ह कोरलेला जड डबा दिसला, तर हात लावू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. आकडे बॅकग्राउंडवर येईपर्यंत मागे या, इतरांनाही मागे घ्या आणि ११२ वर फोन करून जागा नेमकी सांगा. एईआरबीला कळवायलाही सांगा. खात्री करून घेण्यासाठी परत जाऊन मोजायचं नाही, ते काम योग्य मीटर घेऊन येणारे लोक करतील.